मायची विलायती गादी

आमच्या घरात आजवर विलायतेहून आलेली एकच वस्तू होती, आणि तिचा मागचा भाग आमच्या म्हशीनं खाल्ला.

वस्तू म्हणजे बाबांची मोटारसायकल. गावात तिला फटफटी म्हणत. भैंसा गावातल्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये मशिनं सांभाळणारे एक साहेब होते; ते नोकरी सोडून गेले तेव्हा जाता जाता ती बाबांच्या गळ्यात मारून गेले. मुधोळजवळच्या आमच्या गावात ती पहिल्यांदा आली ती बैलगाडीच्या मागे बांधून. पुढे मात्र तिनं बाबांना कधी दगा दिला नाही. (दिला असेल, पण बाबांनी घरी सांगितला नाही.) तिला दोन गाद्या होत्या. पुढची चालवणाऱ्याची, स्प्रिंगांवर डुलणारी. मागची वेगळी, मडगार्डवर बसवलेली, चामड्याची, चौकोनी, पाटाएवढी. पुढची बाबांची आणि मागची मायची. हे घरात कुणी ठरवलं नव्हतं, पण मोडतही कुणी नव्हतं.

दर आठवड्याला दोघं त्या गाडीवरून भैंशाच्या बाजाराला जात. यात सांगण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्या घरात तेव्हा आजोबा होते, मोठे काका होते, आणि त्यांच्यासमोर मायनं बाबांशी बोलायचं नाही अशी रीत होती. वाढताना "भाकर देऊ का" एवढंसुद्धा ती माझ्याकडे बघून विचारायची आणि बाबा माझ्याकडे बघून "नको" म्हणायचे. (त्यामुळे लहानपणी मला बरेच दिवस वाटायचं, की या घरात माझ्या सल्ल्याशिवाय पान हलत नाही.) गाडी गावाबाहेर पडली की मात्र माय सुरू व्हायची. इंजिनाचा आवाज एवढा, की एकमेकांना ऐकू जायला दोघांना ओरडावं लागे. त्यांना वाटे, आपण दोघंच बोलतोय. वाटेवरच्या शेतांत कापूस वेचणाऱ्या बायांना मात्र आमच्या घरातली प्रत्येक गोष्ट घरातल्या माणसांच्या आधी कळायची. माझ्या बहिणीचं लग्न ठरलं, तेही मला शेजारच्या शेतातूनच कळलं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली, दशक संपत आलं होतं तेव्हाची. मी नांदेडला बी.एड. करत होतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो होतो, तेव्हा एकदा माय बाजारातून परतली, गाडीवरून उतरली आणि कमरेला हात लावून मला म्हणाली, गादी लई कडक झाली रे आता. झालं. आपण मायसाठी काहीतरी करावं, असं माझ्या मनात आलं! असलं काही माझ्या मनात आलं की घराचं नुकसान होतं, हे तोवर कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

मी गादी सोडवली. दाभण घेऊन तिची शिवण उसवली. आतलं दगडासारखं झालेलं विलायती भरण उकिरड्यावर फेकलं आणि मधल्या खोलीत छतापर्यंत रचलेल्या ढिगातला पांढराशुभ्र कापूस तिच्यात दाबून दाबून भरला. सुतळीनं शिवून गादी परत गाडीवर चढवली. अशी काही फुगली होती, की मी स्वतःच दोनदा बसून पाहिलं. पोटच्या पोरानं पिकवलेल्या कापसावर माय बसणार, या विचारानं माझा गळाही दाटून आला होता. (कापूस मी पिकवला नव्हता. पण गळा दाटून आला की माणूस एवढं बघत नाही.)

ज्यांच्या शेतात कापूस होतो त्यांना माझी चूक कळली असेल. गादीत भरतात ती रुई, जिनिंगमधून सरकी काढून आलेली. मी भरला तो बोंडातला कापूस, सरकीसकट! आणि सरकी हे आमच्याकडे म्हशीचं खाणं. दूध वाढावं म्हणून तिला रोज भिजवलेली सरकी देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पावसाची एक सर येऊन गेली. गादी भिजली आणि आतली सरकीही छान भिजली. थोडक्यात, मी म्हशीचं ताट वाढून, वरून झाकून, तिच्या दावणीपासून चार हातांवर ठेवलं होतं.

दुपारी म्हशीनं दावं तोडलं. आम्ही पोचलो तोवर तिनं शिवण फाडून आतला माल संपवला होता, लोखंडी सांगाडा पायाखाली घेऊन चपटा केला होता, आणि विलायती चामड्याची एक पट्टी तोंडात धरून ती शांतपणे रवंथ करत होती. बाबा मला सोडून म्हशीला म्हणाले, "तुह्यावर कायले चिडू? तू त जनावर हायस." आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी दूध मात्र नेहमीपेक्षा जास्त निघालं.

बाबांनी तिथंच एक फळकूट शोधलं, त्यावर गोणपाट गुंडाळायला घेतलं. तेवढ्यावर सगळं मिटलं असतं. पण मला पाप धुवायचं होतं! मी पुढे झालो आणि नांदेडला एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीत वाचलेलं सगळं ज्ञान ओतलं. अशा गाड्यांना विंटेज म्हणतात, मोठ्या शहरांतले शौकीन लोक त्यांना जीव लावतात, पण एकेक भाग असली पाहिजे. एक जरी नकली लागला तरी गाडीची इज्जत गेली. बाबा गोणपाट हातात धरून ऐकत होते. मी त्यांचा शिकलेला मुलगा होतो. त्यांनी गोणपाट खाली टाकलं.

"मंग दुसरं कायी बसवाचं नायी," ते म्हणाले. "लागंन तितका टाइम लागू दे. तिले असलीच गादी आणू."

माय बाजाराची पिशवी घेऊन दारात उभी होती. ओसरीवर आजोबा बसलेले, म्हणून ती माझ्याकडे बघून म्हणाली, "राहू दे. मी बसनं जातो."

ती जी बसनं जायला लागली ती तीन वर्षं जात राहिली. बाबा गाडीवर एकटे जायचे आणि हळद सांगितली तर मिरची घेऊन यायचे. शेतातल्या बायांची तर फार पंचाईत झाली. एकीनं मायला थांबवून विचारलंही, की काऊन व, आताशा तुमच्या घरची कायीच खबर नायी. मला ते ऐकून हसू आलं होतं. मग एका सुट्टीत माझ्या लक्षात आलं, की आमच्या घरात दोन माणसं खरोखरच मुकी झाली आहेत. माय माझ्याकडे बघून भाकर विचारायची, बाबा माझ्याकडे बघून नको म्हणायचे, आणि त्यापलीकडे त्यांच्यात दिवसच्या दिवस एक शब्द नसायचा. हे मी केलं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी जे करतो तेच केलं. आणखी जोरानं गादी शोधायला लागलो!

निजामाबादच्या भंगारवाल्यानं मला एक गादी दिली, ती रिक्षाची निघाली. नागपूरच्या आमच्या मावसभावानं "असली विलायती" म्हणून पार्सल पाठवलं, त्यात घोड्याचं खोगीर होतं. (तेही विलायती होतं म्हणे. घोड्याबद्दल काही लिहिलं नव्हतं.) मग मी हैदराबाद गाठलं. जुन्या बाजारात एका म्हाताऱ्या दुकानदारानं गादी पुढे करून डोळे मिटले आणि म्हणाला, "मियाँ, लंडन का माल है. गोरे साब खुद बैठते थे इसपे." मी ती मांडीवर घेऊन रात्रभर बसनं आलो. बाबांनी हात धुतले, गादी उलटी केली, खाली इंग्रजी अक्षरं दिसली तशी मला म्हणाले, वाच. मी वाचलं. लुधियाना. बाबांनी ती गादी मला अभ्यासाला बसायला दिली.

शेवटी मी डिक्शनरी घेऊन थेट विलायतेच्या कारखान्याला पत्र लिहिलं. कारखाना केव्हाच बंद पडला होता, हे तिकडच्या पोस्टानं आम्हाला आठ-नऊ महिन्यांनी कळवलं. म्हणजे माझंच पत्र शिक्के मारून परत पाठवलं. पण पोस्टमननं ते पाकीट घरी आणायच्या आधी चावडीवर, पिठाच्या गिरणीत आणि मारुतीच्या पारावर दाखवलं होतं. मला विलायतेत नोकरी लागली असं गावात पसरलं. त्या एका महिन्यात मला चार स्थळं आली! मी खरं सांगितलं तशी चारही गेली, त्यातल्या एका मुलीच्या वडिलांनी तर जाताना विचारलं, की पोरगा गादीसाठी एवढं करतो, त्याला काही दुसरा कामधंदा नाही का.

तो लागला. मला निर्मलच्या घाटापलीकडे बोथ गावच्या शाळेत मास्तरकी मिळाली, आणि लगोलग जनगणनेची ड्यूटी आली. घरोघर जायचं, माणसं मोजायची. एका गल्लीच्या टोकाला सुलोचनाबाई म्हणून म्हाताऱ्या बाई एकट्या राहायच्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात पुस्तकांचं कपाट, त्या चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मी फॉर्म काढला, घरात किती जण म्हणून विचारलं. मी एकलीच, त्या म्हणाल्या. आणि तेवढ्यात मला त्या कशावर बसल्या आहेत ते दिसलं.

चामड्याची, चौकोनी, पाटाएवढी!

मी पुढचे सगळे प्रश्न त्यांच्या बुडाकडे बघत विचारले. शेवटी त्यांनी हातातला गोळा परातीत ठेवला आणि म्हणाल्या, "मास्तर, नजर कागदावर ठिवा." मग मला सगळं सांगावंच लागलं. त्यांनीही सांगितलं. त्यांचे यजमान शाळा तपासायला जंगलातल्या गावोगाव फिरायचे, त्यांची अशीच फटफटी होती. सुट्टीच्या दिवशी मागं त्या बसायच्या. ते गेले, गाडी भंगारात गेली, पण गाडी नेणारे आले त्याच्या आधी बाईंनी पाना घेऊन मागची गादी स्वतः खोलून ठेवली होती. तेव्हापासून त्या तिच्यावर बसूनच भाकरी करत होत्या.

समजदार माणूस इथून नमस्कार करून उठला असता. मी तीन वेळा परत गेलो. एकदा स्टूल नेलं. एकदा चक्क प्लॅस्टिकची नवी खुर्ची नेली. बाईंनी खुर्चीकडे पाहून मला सांगितलं, की तिच्यावर बसून भाकर थापून दाखवा. तिसऱ्यांदा मात्र मी ठेवणीतलं काढलं. म्हणालो, माझी माय तीन वर्षं त्या गाडीवर बसलेली नाही. दुसऱ्या कशावर बसायला ती तयारच नाही. (मायला हे कुणीही कधी विचारलेलं नव्हतं. मी आपलं बेधडक सांगितलं.)

बाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाल्या, "दोघंही हायेत ना?"

"हायेत."

"मंग ने."

त्या उठल्या, गादीवर सांडलेलं पीठ पदरानं पुसलं आणि गादी माझ्या हातात दिली. मग खाली भुईवर बसल्या आणि पुढची भाकरी घेतली. मी ते बघितलं. बघूनही बघितलं नाही असं केलं आणि गादी कडेवर घेऊन निघालो, हे मला आजही सांगताना लाज वाटते.

रविवारी घरी पोचलो तेव्हा माझ्या तोंडावरचा विजय ओसरीवरून दिसत होता. बाबांनी हात धुतले, गादी उलटी केली, सुलटी केली, वास घेतला. खाली वाचायला काही सापडलं नाही, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. पाने आले, तेल आलं. काका उठून जवळ आले, आजोबासुद्धा काठी टेकत आले. माय दाराच्या आत उभी राहून ऐकत होती आणि मी रंगात येऊन सगळी हकीगत सांगत होतो. जनगणना, भाकरी, स्टूल, खुर्ची, आणि शेवटी मी बाईंना कसं पटवलं ते.

मायनं मला मधेच थांबवलं. "मंग आता ते बाई कायच्यावर बसते?"

"खुर्ची दिली ना मी तिले," मी म्हणालो.

"चुलीपाशी कायच्यावर बसते, ते सांग."

मी भुईकडे पाहिलं. तिला उत्तर मिळालं. ती दारातून बाहेर आली, आजोबांच्या आणि काकांच्या मधून चालत गेली, बाबांच्या हातातली गादी काढून घेतली आणि सगळ्यांच्या देखत, माझ्याकडे न बघता, सरळ बाबांना म्हणाली, "उद्या सकाळी गाडी काढा. बोथले जाऊन हे देऊन येऊ. एका बाईच्या बुडाखालून काढून आणलेलं मले नायी पायजे."

मी आजोबांकडे पाहिलं, काकांनीही आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी घसा खाकरला, काठी उचलली आणि आपल्याला काही ऐकूच आलं नाही अशा चालीनं परत ओसरीकडे गेले. बाबांचा हात अजून गादी धरल्यासारखा पुढेच होता.

"पन तू कायच्यावर बसशीन?" त्यांनी विचारलं. तेही सरळ तिलाच.

मायनं दोरीवरची सतरंजी ओढली, चार घड्या घातल्या आणि मडगार्डवर टाकली. गादीचा प्रश्न सुटायला एवढाच वेळ लागला.

सकाळी मला शाळेसाठी बोथला परतायचंच होतं. पण गाडीवर जागा दोघांचीच, म्हणून मी पहाटेच्या बसनं उभ्यानं निघालो. निर्मलचा घाट मी दांड्याला लोंबकळत चढलो. मधल्या सुट्टीत सुलोचनाबाईंच्या घरी पोचलो तेव्हा फटफटी दारात उभी होती. बाबा पायरीवर बसून चहा पीत होते. आत बाईंनी पाहुणी म्हणून मायला त्या गादीवर चुलीपुढे बसवलं होतं आणि स्वतः माझ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. असली गादीवर माय बसलेली मला शेवटी बघायला मिळाली. दोघींचं बोलणं रंगात आलं होतं, बाईंचे यजमान कोणत्या नाल्यात गाडीसकट पडले होते ते चाललं होतं आणि दोघी डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. मला कुणी बस म्हणालं नाही. मीही जास्त वेळ थांबलो नाही, घंटा झाली होती.

दुपारी मी वर्गात फळ्याकडे तोंड करून गणित मांडत होतो. आमची शाळा रस्त्याला लागूनच. लांबून आवाज आला. तो आवाज मी हजारात ओळखला असता. मी धावतच फाटकाशी गेलो, माझ्यामागे अख्खी सातवी आली, आणि हा गोंधळ काय म्हणून हेडमास्तरही आले.

फटफटी समोरून गेली. माय सतरंजीवर बसली होती आणि तिचा एक हात बाबांच्या खांद्यावर होता. दोघं जिवाच्या आकांतानं ओरडून बोलत होती.

"तीन वर्सं!" माय ओरडत होती. "त्यानं मले एकदा तरी विचारलं?"

"तू काऊन नायी सांगितलं मंग?" बाबा ओरडले.

"तुमी दोघंबी गादी गादी करून राह्यले होते! मी काय गादीशी बोलाले जात होती बजाराले?"

बाबा काहीतरी म्हणाले, ते गिअरच्या खडखडाटात गेलं. मग मायचा आवाज परत आला, "आनं याले मास्तर कोनं केलं वो?"

"सरकारनं!" बाबा ओरडले. "आपली कायी चूक नायी!"

ती दोघं हसत हसत वळणाआड गेली. तरी आवाज बराच वेळ येत राहिला. मला तिथं फाटकाशी रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि सातवीतली मुलं माझ्याकडे टकामका बघत होती.

हेडमास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि रस्त्याकडे बघत विचारलं, "कोण होते हो हे?"

"पालक होते, सर."

"कोणत्या मुलाचे?"

"आहे आपल्या शाळेत एक," मी म्हणालो. "अभ्यासात फार कच्चा आहे."